पंधरा हजार रुपये, जुना लॅपटॉप आणि दोन दिवसांची ऑफर

प्रश्न असा आला आहे : "दादा, मी शिवाजी विद्यापीठात एमसीएच्या शेवटच्या सत्राला आहे. वेबसाइटची तीन कामं मिळालीत. एक चप्पल लाइनमधल्या दुकानाचं, एक शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीचं आणि एक आमच्या गल्लीतल्या मेसचं. लॅपटॉप जुना आहे, ८ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क, विंडोज १०. हातात १५ हजार रुपये आहेत. डिझाइनची वीस सॉफ्टवेअर आयुष्यभरासाठी एकाच किमतीत देणारी ऑफर दिसली, दोनच दिवस आहे. घेऊन टाकू का? नसेल तर या पैशात काय घेऊ?"

दादा म्हणालास म्हणून अरे-तुरे करतो. ती ऑफर घेऊ नकोस. आणि १५ हजारांतला मोठा हिस्सा सॉफ्टवेअरवर घालवूच नकोस, तो लॅपटॉपमध्ये घाल. हे उत्तर एवढ्यावर संपलं असतं, पण "का" कळल्याशिवाय पुढच्या महिन्यात दुसरी ऑफर दिसली की तू परत याच ठिकाणी येशील. म्हणून सविस्तर लिहितो.

मी कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या एका डीटीपीच्या, म्हणजे छपाईचा मजकूर संगणकावर जुळवायच्या, दुकानात काम शिकलो आणि मग वेबसाइटकडे वळलो. २०१७ साली एक ऑनलाइन फॉर्म बनवायचं साधन "आयुष्यभर" या बोलीवर विकत घेतलं. गोकुळ शिरगावच्या एका कारखान्याच्या साइटवर चौकशीचा फॉर्म त्यावर चालवला. दोन वर्षांनी एक ईमेल आला, तीस दिवसांत सेवा बंद. साठलेल्या चौकशा एका फाइलीत उतरवून घ्यायची सोय त्यात नव्हती. दोन रात्री बसून एकेक नोंद हाताने कॉपी केली, नवा फॉर्म बसवला आणि मालकांना फोन करून सांगितलं की मधल्या काही दिवसांच्या चौकशा कदाचित आल्या नसतील. तो फोन मला आजही आठवतो. पैसे थोडेच गेले होते. गेला तो माझ्यावरचा विश्वास, आणि तो परत मिळवायला वर्ष लागलं.

"आयुष्यभर" म्हणताना विकणाऱ्याच्या मनात त्या उत्पादनाचं आयुष्य असतं. नवी कंपनी असली की तिला सुरुवातीला रोख पैसा हवा असतो, म्हणून ती एकदाच पैसे घेऊन कायमचा वापर देते. सर्व्हरचा खर्च मात्र दर महिन्याला येतच राहतो. पुरेसे मासिक ग्राहक मिळाले नाहीत तर एक तर कंपनी बंद पडते, नाहीतर नवी सुधारणा फक्त मासिक पैसे भरणाऱ्यांना मिळते. यात फसवणूक असतेच असं नाही, पण हिशोब असा आहे.

म्हणून माझा नियम असा ठरला. जे साधन माझ्या संगणकावर बसतं, इंटरनेट नसतानाही चालतं आणि ज्याची फाइल दुसऱ्या साधनात उघडते, ते एकरकमी घ्यायला हरकत नाही. कंपनी उद्या गेली तरी बसवलेलं सॉफ्टवेअर चालत राहतं. उदाहरण म्हणून कोड लिहायच्या सब्लाइम टेक्स्टचा परवाना बघ. एकदा पैसे भरायचे, तीन वर्षांच्या सुधारणा मिळतात आणि त्यानंतरही हातातली आवृत्ती तुझीच. पण होस्टिंग (साइट जिथे ठेवली जाते ती जागा), ईमेल, क्लाउडमधली साठवण, फॉर्म, म्हणजे जिथे ग्राहकाचा डेटा दुसऱ्याच्या सर्व्हरवर राहतो, ते आयुष्यभराच्या बोलीवर कधीच घेऊ नकोस. असल्या डील विकणाऱ्या ॲपसुमोवर बहुतेक खरेदीला ६० दिवसांत पैसे परत मिळायची सोय आहे. कधी घेतलंच, तर पहिल्या आठवड्यात त्यात खरं काम घालून बघ आणि पहिली परीक्षा "माझी माहिती बाहेर काढता येते का" हीच घे. आत काय काय आहे ते नंतर.

आता लॅपटॉप. साध्या हार्ड डिस्कवर काम करतोस हीच तुझी सगळ्यात मोठी अडचण आहे. ती काढून एसएसडी, म्हणजे तिच्यापेक्षा कितीतरी वेगवान डिस्क, बसव, आणि स्लॉट मोकळा असेल तर रॅम १६ जीबी कर. राजारामपुरीतल्या दुकानात जाण्याआधी रॅम बोर्डवर चिकटवलेली आहे की काढता येते हे मॉडेल नंबरवरून बघून घे. बोर्डवर चिकटवलेली असेल तर फक्त एसएसडी घे. ब्राउझरमध्ये दहा टॅब, एका बाजूला फिग्मा हे डिझाइनचं साधन, एका बाजूला कोड, एवढं उघडं असताना मशीन अडकायचं थांबलं की दिवसाचा तासभर वाचतो. कोणतंही वीस सॉफ्टवेअरचं गाठोडं तो तास देणार नाही. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हेही ध्यानात ठेव. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय मशीनमध्येच असावी लागते. तुझ्या लॅपटॉपमध्ये ते नसेल तर लिनक्स मिंट टाक. खाली सांगतोय त्यातली मुख्य साधनं त्यावर चालतात, नोटपॅड प्लस प्लस, शेअरएक्स, विनएससीपी अशी काही मात्र फक्त विंडोजची आहेत. बाजारात दोन-चारशे रुपयांना विंडोजच्या की मिळतात, त्या घेऊ नकोस. त्यातल्या पुष्कळशा कुठल्या तरी संस्थेच्या परवान्यातून फुटलेल्या असतात आणि कधीही रद्द होतात.

डिझाइनसाठी तुला आज एक रुपया खर्च करायची गरज नाही. पानाचा आराखडा फिग्मात कर. मोफत प्लॅनमध्ये टीमच्या फाइलींवर मर्यादा आहे, पण स्वतःचे ड्राफ्ट हवे तितके ठेवता येतात आणि तीन कामांना ते भरपूर आहे. अडोबीने २०२२ मध्ये २० अब्ज डॉलरला फिग्मा घ्यायचं जाहीर केलं आणि डिसेंबर २०२३ मध्ये तो व्यवहार मोडला. तेव्हाच मी पेनपॉट शिकून घेतलं. ते मुक्त स्रोताचं, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेलं आहे, स्वतःच्या सर्व्हरवरही बसवता येतं. फिग्मा सोडायची वेळ येईल असं म्हणत नाही, पण दुसरं दार माहीत असावं. ग्राहकाने फोटोशॉपची फाइल पाठवली तर फोटोपी ब्राउझरमध्येच ती उघडतं, काही बसवावं लागत नाही. फोटोच्या कामाला गिम्प, ज्याची ३.० आवृत्ती मार्च २०२५ मध्ये आली आणि जुन्या आवृत्त्यांपेक्षा बरीच सोयीची झाली. लोगो आणि चिन्हांसाठी इंकस्केप. कोडसाठी व्हीएस कोड, आणि पटकन एखादी फाइल उघडायला नोटपॅड प्लस प्लस.

फाउंड्रीचा लोगो तुला नक्की कोरलच्या सीडीआर फाइलीत मिळेल. आपल्याकडे प्रत्येक प्रेसवाल्याकडे सगळं कोरलड्रॉमध्येच असतं. त्यासाठी कोरल विकत घ्यायला धावू नकोस. इंकस्केप आणि लिबरऑफिस ड्रॉ दोन्ही सीडीआर उघडतात. फार नवी आवृत्ती असली तर कधी कधी रेषा सरकतात. तसं झालं तर प्रेसवाल्याला एवढंच सांग : "भावा, अक्षरांचे कर्व्ह करून पीडीएफ दे." त्याचं दोन मिनिटांचं काम आहे. त्या पीडीएफमधून इंकस्केपमध्ये स्वच्छ एसव्हीजी निघतं आणि ते कितीही मोठं केलं तरी फुटत नाही. मला कित्येकदा व्हिजिटिंग कार्डाचा मोबाइलवर काढलेला फोटो "लोगो" म्हणून मिळाला आहे. तो घेऊन काम सुरू करू नकोस, प्रेसचा नंबर माग.

मराठी मजकुराबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण इथे आपल्या गावच्या डिझाइनरांचा सगळ्यात जास्त वेळ जातो आणि बाहेरच्या कुठल्याही शिकवणीत हे नसतं. मेसवाले किंवा चप्पलवाले तुला मजकूर देतील तो बहुधा श्रीलिपी या डीटीपीच्या सॉफ्टवेअरमधल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल. तो कॉपी करून वेबसाइटवर चिकटवलास की रोमन अक्षरांचा गोंधळ दिसेल, कारण त्या जुन्या फॉन्टमध्ये "क" च्या जागी प्रत्यक्षात दुसरंच काही साठवलेलं असतं आणि दिसतं मात्र "क". गुगलला तो मजकूर मराठी म्हणून कळत नाही, मोबाइलवर तो फॉन्ट नसतो. त्यामुळे सगळं आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना आणि मोबाइलना कळणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत, आणायला हवं. ज्याच्याकडे श्रीलिपीची नवी आवृत्ती आहे त्या डीटीपीवाल्याकडूनच युनिकोड करून घे, त्यातच ती सोय असते. किंवा एखादा परिवर्तक वापर, पण मग ओळ न् ओळ वाच. चुका ठरलेल्या जागी होतात : ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षराला चिकटते, रफार एक अक्षर पुढेमागे होतो, "वऱ्हाडी" मधला अर्धा र भलत्याच चिन्हासारखा येतो. पानभर मजकूर असेल तर मी सरळ इन्स्क्रिप्ट या युनिकोडच्या कीबोर्डवर परत टाइप करतो. दुरुस्तीपेक्षा ते लवकर होतं.

आणखी एक बारीक पण नुकसान करणारी गोष्ट. "ॲ" हे अक्षर दोन प्रकारे लिहिता येतं. एक म्हणजे युनिकोडने २००८ मध्ये आणलेलं स्वतंत्र अक्षर, दुसरं म्हणजे "अ" ला वर चंद्र जोडून. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं, संगणकाला मात्र ती दोन वेगळी अक्षरं आहेत. फाउंड्रीच्या साइटवर "ॲल्युमिनियम" एका पानावर एका प्रकारे आणि दुसऱ्या पानावर दुसऱ्या प्रकारे टाइप झालं, तर साइटवरच्या शोधात अर्धी पानं सापडत नाहीत. सगळा मजकूर तयार झाला की व्हीएस कोडमध्ये एकदा शोधून-बदलून सगळं एकाच प्रकारचं करून टाक.

फॉन्ट गुगल फॉन्ट्सवरून घे. तिथले बहुतेक मुक्त परवान्याखाली आहेत, व्यवसायाच्या कामाला चालतात. मुक्ता अंगाने साधा आणि वाचायला सोपा आहे. मजकूर जास्त असेल तर टिरो देवनागरी मराठी बघ, त्यात ल आणि श मराठी वळणाचे मुळातच आहेत. बाकीच्या काही फॉन्टमध्ये ही वळणं आत दडलेली असतात. एचटीएमएलच्या पहिल्या टॅगमध्ये भाषा मराठी, म्हणजे "एमआर" (mr), अशी लिहिलीस तरच ती बाहेर येतात. हे एक शब्दाचं काम आहे आणि कितीतरी मराठी साइट्सवर ते केलेलं नसतं. डीटीपीच्या दुकानातून पेन ड्राइव्हवर आणलेले फॉन्ट वेबसाइटवर चढवू नकोस. त्यांचा परवाना त्या दुकानापुरता असतो.

नवं डिझाइन सॉफ्टवेअर घेण्याआधी त्यात "क्षत्रिय, ज्ञानेश्वर, तऱ्हा, स्त्री, र्‍हास, दृष्टी" एवढे शब्द टाइप करून बघ. जोडाक्षरं तुटली, वेलांटी पुढे पडली, तर ते साधन कितीही स्वस्त असू दे, आपल्या कामाचं नाही. जुन्या फोटोशॉपमध्ये मजकुराचं इंजिन सेटिंगमधून बदललं नाही तर हेच व्हायचं. ॲफिनिटी हे डिझाइन सॉफ्टवेअर आता कॅन्व्हाच्या ताब्यात आहे आणि ऑक्टोबर २०२५ पासून मोफत मिळतं, छपाईच्या कामाला फार छान आहे, पण त्याच्या जुन्या आवृत्त्यांत देवनागरी नीट बसत नव्हती. तेव्हा हीच परीक्षा घेऊन मगच मराठी कामाला लाव. गिम्प, इंकस्केप, लिबरऑफिस या मुक्त साधनांत मराठी बरोबर दिसते, कारण अक्षरं जुळवायला ती हार्फबझ नावाची मुक्त लायब्ररी वापरतात. क्रोम आणि ॲन्ड्रॉइडही तीच वापरतात. आपल्या भाषेला इथे फुकटची साधनं महागड्यांच्या आधी पोचली, याचा मला मनापासून आनंद आहे.

चप्पलवाल्याच्या साइटचा जीव फोटोत आहे. मोबाइलवर काढलेला एकेक फोटो चार-पाच एमबीचा असतो. तसेच चढवलेस तर आजरा-चंदगडकडच्या गिऱ्हाइकाला पान उघडेपर्यंत चहा थंड होतो. गुगलच्या मापात पानावरचा मुख्य भाग २.५ सेकंदांच्या आत दिसायला हवा. एक-दोन फोटोंसाठी स्क्वूश हे ब्राउझरमधलं साधन उत्तम, डावीकडे मूळ आणि उजवीकडे दाबलेला, म्हणजे एमबी कमी केलेला, फोटो शेजारी शेजारी दिसतो. चामड्याची वीण आणि वेणीचं काम कुठपर्यंत टिकतंय ते डोळ्याने बघून थांबता येतं. शंभर फोटो असतील तर सीझियम वापर, ते मुक्त स्रोताचं आहे आणि एकदम सगळी फोल्डर दाबतं. १६०० पिक्सेल रुंदी आणि वेबपी हा प्रकार ठेव, बहुतेक फोटो दोनशे केबीच्या आत येतात. मग क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये नेटवर्क मुद्दाम मंद करून स्वतः पान उघडून बघ. हे सगळं क्रोममध्येच फुकट आहे. जाता जाता सांगतो, कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. दुकानदाराने ते चिन्ह साइटवर टाक म्हटलं, तर आधी त्यांची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद झालीय का ते विचार.

"मोफत" या शब्दाचे अर्थ वेगवेगळे असतात आणि धंद्यात उतरल्यावर ते वाचावे लागतात. फोटो बघायचं इरफानव्ह्यू घरगुती वापराला फुकट आहे, पण पैसे घेऊन काम करताना त्याचा परवाना विकत घ्यावा लागतो. दुसऱ्याचा संगणक लांबून चालवायच्या टीमव्ह्यूअरचंही तसंच, आणि व्यावसायिक वापराचा संशय आला की ते मध्येच जोडणी तोडतं. साइट ठेवायला जागा देणाऱ्या व्हर्सेलचा मोफत प्लॅन फक्त बिगरव्यावसायिक साइटसाठी आहे, म्हणजे मेसची साइट तिथे बसत नाही. गिटहब पेजेसही दुकानदारी चालवायला नाही असं त्यांच्या अटींत आहे. मेसची साइट चार पानांची असेल, रोजचा मेनू आणि महिन्याचे दर. ती क्लाउडफ्लेअर पेजेसवर फुकट चालेल. स्क्रीनचे फोटो काढायला शेअरएक्स, फाइली दाबायला सेव्हन-झिप, यांना असली अट नाही.

डाउनलोड नेहमी मूळ ठिकाणाहूनच कर. शोधल्यावर सगळ्यात वर येते ती बऱ्याचदा जाहिरात असते. २०२२ मध्ये गिम्पच्याच नावाने अशी खोटी जाहिरात चालली होती आणि त्यातून संगणकातले पासवर्ड चोरणारं सॉफ्टवेअर उतरत होतं. विंडोजच्या टर्मिनलमध्ये विनगेट म्हणून आज्ञा आहे, तिच्यापुढे प्रोग्रॅमचं नाव दिलं की मूळ ठिकाणाहून उतरवून बसवते. टर्मिनलची सवय नसेल तर निनाइट. हवी ती साधनं टिकमार्क केली की जाहिरातीशिवाय एकदम बसतात. सर्व्हरवर फाइली चढवायला विनएससीपी घे. फाइलझिला वापरलंस तर मास्टर पासवर्ड ठेवायचं विसरू नकोस, नाहीतर साठवलेले पासवर्ड साध्या फाइलीत जवळजवळ उघडे राहतात. आणि सगळे पासवर्ड बिटवॉर्डनमध्ये ठेव. त्याची मोफत आवृत्ती एका माणसाला पुरते.

फुकट मिळणाऱ्या "नल्ड" थीमबद्दल, म्हणजे परवाना मोडून वाटलेल्या वेबसाइटच्या तयार साच्यांबद्दल, दोनच वाक्यं. त्यात मागचं दार उघडं ठेवलेलं असतं, आणि ग्राहकाच्या साइटवर एक दिवस जुगाराच्या जाहिराती लागल्या की तुला तोंड दाखवता येत नाही. दुकानातून लॅपटॉपमध्ये "टाकून" मिळणाऱ्या फोटोशॉपचीही तीच गत. तुला ते लागतही नाही.

पैसे जिथे खरोखर घालायचे ते डोमेन, म्हणजे साइटचं नाव-पत्ता. पहिल्या वर्षाचा भाव बघून कधीच घेऊ नकोस. दुसऱ्या वर्षाचा भाव बघ. ९९ रुपयांचं डोमेन पुढच्या वर्षी हजाराच्या घरात जातं आणि तोपर्यंत ते व्हिजिटिंग कार्डावर, टेम्पोवर, पाटीवर सगळीकडे छापून झालेलं असतं. होस्टिंगचंही तसंच. मोठी सवलत तीन वर्षांचे पैसे एकदम भरले तरच असते. एसएसएल, म्हणजे साइटशी होणारी देवाणघेवाण सुरक्षित करणारं प्रमाणपत्र, वेगळे पैसे मागून विकत असतील तर तिथून उठ. लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र फुकट आहे, ९० दिवसांचं असतं आणि चांगलं होस्टिंग ते आपोआप नवं करतं.

डोमेन ग्राहकाच्या नावावर, ग्राहकाच्या ईमेलवर घे. तुझ्या नावावर नको. माझ्याकडे एक हॉटेलवाले आले होते, त्यांचं डोमेन आधी साइट बनवून दिलेल्या मुलाने स्वतःच्या ईमेलवर घेतलेलं. तो पुण्याला नोकरीला गेला, नंबर बदलला, मुदत संपली आणि आठ वर्षांचं नाव दुसऱ्या कुणीतरी उचललं. त्या मुलाच्या मनात काही वाईट नसेल, पण हॉटेलवाल्यांनी पाट्या बदलल्या. शिवाय फाउंड्रीची जीएसटी नोंदणी असणारच. डोमेन-होस्टिंगचं बिल त्यांच्या जीएसटी नंबरावर झालं तर त्यावरचा १८ टक्के कर त्यांना वजा मिळतो. तू स्वतःच्या नावावर घेतलंस तर तो कर वाया जातो. समोर बसून त्यांच्याच कार्डाने पैसे भरून घे.

परदेशी साधनाचं मासिक वर्गणीचं गणित करताना डॉलरच्या भावावर थांबू नकोस. त्यावर १८ टक्के जीएसटी आणि बँकेचं परकीय चलनाचं दोन ते साडेतीन टक्के शुल्क धर. शिवाय ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कार्डावरून दर महिन्याला आपोआप पैसे कापायला आधी तुझी नोंदवलेली संमती लागते, आणि आता १५ हजारांवरच्या रकमेला दर वेळी ओटीपी. बऱ्याच परदेशी कंपन्यांचे पैसे आपल्या कार्डातून यामुळे कापलेच जात नाहीत आणि सेवा मध्येच थांबते. ज्या सेवेवर ग्राहकाची साइट उभी आहे ती वार्षिक भर, आणि मुदतीच्या महिनाभर आधीची तारीख मोबाइलमध्ये लावून ठेव.

आणि बॅकअप. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी ४३ फूट. माझं ऑफिस तेव्हा व्हीनस कॉर्नरजवळ तळमजल्यावर होतं. बॅकअप होता, पण ती हार्ड डिस्क संगणकाच्याच टेबलाच्या खणात होती. पाणी ओसरल्यावर दार उघडलं तेव्हा दोन्ही एकाच चिखलात सापडले. होस्टिंगवरच्या साइट्स वाचल्या, त्यांच्या मूळ डिझाइन फाइली आणि सात वर्षांचे फोटो गेले. तेव्हापासून तीन प्रती ठेवतो : एक मशीनवर, एक वेगळ्या भागातल्या घरी उंचावर ठेवलेल्या डिस्कवर, एक क्लाउडमध्ये. कोडसाठी गिट आणि गिटहब. तिथे खासगी रिपॉझिटरी, म्हणजे कोड ठेवायचे कप्पे, २०१९ पासून मोफत हव्या तितक्या ठेवता येतात. डिस्कवर प्रत घ्यायला फ्रीफाइलसिंक, पण व्यावसायिक वापराची त्याची अट आधी वाच. जुलै २०२१ ला पुन्हा पूर आला तेव्हा लॅपटॉप पाठीला लावून वर गेलो, बाकी काही उचलावं लागलं नाही.

म्हणजे तुझ्या १५ हजारांचं असं होईल : निम्म्याच्या आसपास एसएसडी आणि रॅम, त्यातून उरलेल्यात एक बाहेरची हार्ड डिस्क, स्वतःच्या नावाचं एक डोमेन, आणि बाकी तसेच ठेव. तिसऱ्या कामाचे पैसे येईपर्यंत सॉफ्टवेअरवर शून्य. एखादं विकत घ्यावंसं वाटलं तर कागदावर नाव लिही आणि शेजारी ते कोणत्या कामात अडलं ते लिही. नुसतं आवडलं असेल तर दुसरा रकाना रिकामा राहतो. खऱ्या मोठ्या सवलती नोव्हेंबरच्या शेवटी ब्लॅक फ्रायडेला येतात. तो कागद तेव्हा काढ, अर्धी नावं तू स्वतःच खोडशील.

एक गोष्ट मात्र थांबवून ठेवू नकोस. तुझं शेवटचं सत्र चालू आहे, म्हणजे विद्यार्थी म्हणून मिळणारं अजून मिळू शकतं. गिटहबच्या स्टुडंट डेव्हलपर पॅकमध्ये वर्षभराचं डोमेन आणि बरीच साधनं फुकट आहेत, फिग्मा विद्यार्थ्यांना शिक्षणासाठी मोठा प्लॅन मोफत देतं. जेटब्रेन्सची कोड लिहायची साधनं मिळतील ती फक्त शिकण्यासाठी आहेत, ग्राहकाच्या कामात वापरू नकोस. अर्जाला विद्यापीठाचा ईमेल किंवा चालू वर्षाचं ओळखपत्र लागतं. ओळखपत्राचा फोटो दिवसाच्या उजेडात काढ, नाव आणि वर्ष स्पष्ट वाचता यायला हवं, माझ्याकडे शिकणाऱ्या दोन मुलांचे अर्ज अंधुक फोटोमुळेच परत आले होते. निकाल लागून ओळखपत्राची मुदत संपायच्या आत हे करून घे. एसएसडी पुढच्या रविवारी घेतलीस तरी चालेल.